राखेचा बुधवार: नाव कुठून आलं

ख्रिस्ती लोकांचा ईस्टरआधीचा उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो, त्या दिवशी कपाळाला राख लावतात. ईस्टरपासून ४६ दिवस मागे मोजले की हा बुधवार येतो. मधले ६ रविवार उपवासातून वगळले की उरतात ४०. पूर्वी उपवासकाळ रविवारी सुरू व्हायचा, तेव्हा ६ आठवड्यांत उपवासाचे दिवस ३६च भरत. ही तूट भरायला आधीचे ४ दिवस जोडले गेले. राख आधी जाहीर प्रायश्चित्त घेणाऱ्यांपुरती होती. इटलीतल्या बेनेव्हेंतोच्या धर्मसभेने १०९१ साली ती सर्वांना लावायला सांगितली.

गुंता आहे तो मराठी नावाचा. कुणी ‘भस्म बुधवार’ म्हणतं, कुणी ‘राखेचा बुधवार’. त्र्यंबकेश्वर जवळ असलेल्या नाशकात भस्म म्हटलं की कपाळावरचे तीन आडवे पट्टे आठवतात. भस्म धारण करतात, राख होते. लॅटिन नावाचा अर्थ सरळ ‘राखेचा दिवस’, आणि बायबलमधली माणसं डोक्यात राख घालतात ती शोकात, पश्चात्तापात. राख आशीर्वादित असते म्हणून भस्म, हा युक्तिवाद ऐकायला भारदस्त आहे, पण त्यात नेमका पश्चात्तापच झाकला जातो. त्यात लावताना म्हणतात, तू माती आहेस, मातीलाच मिळशील. म्हणजे हातात राख, तोंडी माती! हिब्रूत धूळमाती ‘आफार’ आणि राख ‘एफेर’. उत्पत्ती १८:२७ मध्ये दोन्ही जोडीने येतात.

इंग्लंडमध्ये १५४८ साली राख बंद झाली, पण १५४९च्या प्रार्थनापुस्तकात बुधवारचं नाव तसंच राहिलं. नाशकातली शरणपूरची ख्रिस्ती वसाहत १८५४ची, त्याच इंग्लिश परंपरेतली. कॅथलिकांकडे मात्र नाव आणि राख दोन्ही टिकलं.

ही राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आधल्या रविवारच्या, झावळ्यांची. त्या कडकडीत वाळलेल्या हव्यात. ओलसर राहिल्या तर नुसता धूर होतो आणि अर्धवट जळके तुकडे उरतात. लोखंडी कढईत, उघड्यावर जाळायच्या, रॉकेल न घालता. वास राखेत राहतो. पार जळू दिल्या तर राख पांढुरकी होते, कपाळावर उठत नाही. काळी हवी तर ज्वाळा बसताच झाकण ठेवायचं. थंड झाली की खलात कुटून मलमलीतून गाळायची. भाराभर झावळ्यांची जेमतेम वाटीभर राख निघते. ती पाण्यात कालवून लेप केला तर क्षार सुटतात, कपाळ चुरचुरतं, क्वचित भाजतंही. कालवायचीच असेल तर तेलाचे दोन-चार थेंब पुरतात. २०२१ साली करोनामुळे ती कोरडीच डोक्यावर शिंपडायला सांगितली होती.