रजोनिवृत्ती आणि मानसिक आरोग्य (गोवा)

सलग बारा महिने पाळी आली नाही, की रजोनिवृत्ती झाली असे वैद्यकशास्त्र मानते. भारतात हे सरासरी ४६-४७ व्या वर्षी घडते. पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास. मेंदूवरचे परिणाम मात्र त्याआधीच, पाळी अनियमित होऊ लागते त्या वर्षांत अधिक जाणवतात. पाळी अजून चालूच असल्यामुळे चिडचिड, विसराळूपणा आणि मोडलेली झोप यांचा रजोनिवृत्तीशी असलेला संबंध घरच्यांच्या लक्षात येत नाही, पुष्कळदा डॉक्टरांच्याही नाही.

इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचे काम गर्भाशयापुरते नसते. स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पस, निर्णय घेणारा मेंदूचा पुढचा भाग आणि तापमान सांभाळणारा हायपोथॅलॅमस या सर्वांत त्याचे ग्राही, म्हणजे त्याचा संदेश घेणारे रेणू, आहेत. मनःस्थितीशी निगडित सेरोटोनिन या मेंदूतील रसायनाच्या व्यवहारातही त्याचा हात असतो. शिवाय या काळात त्याची पातळी एकसारखी न उतरता वरखाली होत राहते, आणि मनःस्थितीला हे चढउतारच अधिक बाधतात असे दिसते. हायपोथॅलॅमसमधील काही चेतापेशी अतिसंवेदनशील होऊन अंगातून गरम वाफा येतात. अमेरिकेतील ‘स्वान’ या दीर्घकालीन अभ्यासात वारंवार वाफा येणाऱ्यांपैकी निम्म्या स्त्रियांना हा त्रास सात वर्षांहून अधिक काळ होत होता. गोव्यात एप्रिल-मे महिन्यांच्या दमट उकाड्यात सगळेच घामाघूम होतात, त्यामुळे रात्री घामाने उठणाऱ्या बाईचे दुखणे हवेच्या खात्यावर जमा होते. तोवर झोपेचे नुकसान झालेले असते, आणि दिवसाची उदासी व एकाग्रतेचा अभाव बराचसा त्यातून येतो.

नाव ओठांवर असून न आठवणे, बोलता बोलता शब्द हरवणे, याला हल्ली ‘ब्रेन फॉग’ म्हणतात. चाचण्यांत ही घट बहुधा किरकोळ असते आणि हा बदलाचा काळ संपल्यावर बऱ्याच जणींत भरून निघते. ही स्मृतिभ्रंशाची सुरुवात समजून घाबरण्याचे कारण सहसा नसते. या वयात तो आजार क्वचितच होतो. वेगळी काळजी लागते ती शस्त्रक्रियेने दोन्ही अंडाशये लवकर काढलेल्या स्त्रियांना. त्यांच्यात बौद्धिक घसरणीचा धोका वाढल्याचे अभ्यास सांगतात, म्हणून अडचण नसल्यास रजोनिवृत्तीच्या नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन देण्याचा सल्ला दिला जातो.

पूर्वी, विशेषतः बाळंतपणानंतर, नैराश्य आलेल्या स्त्रियांना या टप्प्यावर ते पुन्हा येण्याचा संभव जास्त. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या भागांत याच वयात मुले नोकरी-शिक्षणासाठी बाहेर पडतात, नवरा कधी आखातात किंवा बोटीवर असतो आणि सासूचे आजारपण अंगावर येते. उदासी सांगितली जात नाही. कंबर दुखते, अंगात त्राण नाही, टेन्शन येते, अशा तक्रारी होतात. आल्डोना परिसरातील ‘स्त्री आरोग्य शोध’ या संशोधनात अंगावरून पांढरे जाण्याच्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मानसिक-सामाजिक ताणाशी अधिक आढळला होता. तो अभ्यास रजोनिवृत्तीचा नव्हता, तरी इथल्या बायकांचे मन शरीराच्या भाषेत कसे बोलते, हे त्यातून कळते.

नैराश्यावर डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षित समुपदेशकांकरवी उपचार करण्याचा प्रयोगही गोव्यातलाच. १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘संगत’ संस्थेच्या ‘मानस’ चाचणीत (२०१०) सरकारी आरोग्य केंद्रांत असे उपचार मिळालेले सुमारे ६६ टक्के रुग्ण सहा महिन्यांत बरे झाले. नेहमीच्या उपचारांत हे प्रमाण सुमारे ४३ टक्के होते. खासगी दवाखान्यांत असा फरक दिसला नाही. पाळी जाण्याच्या वयातल्या स्त्रियांसाठी हाच मार्ग वापरता येईल, असे प्रस्तुत नोंदकर्त्याला वाटते.

उपचारापूर्वी थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासावे. यांतल्या बिघाडाची लक्षणे पुष्कळदा अशीच असतात. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत हार्मोन उपचाराने वाफा आणि झोप सुधारते. पासष्टीनंतर सुरू केलेल्या संयुक्त (इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन) हार्मोनांनी स्मृतिभ्रंशाचा धोका वाढल्याचे २००३ च्या अमेरिकी चाचणीत दिसले, त्यामुळे स्मरणशक्ती राखण्यासाठी म्हणून ती दिली जात नाहीत. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्यांना वाफांसाठी काही नैराश्यविरोधी गोळ्या किंवा वर्तनोपचार उपयोगी पडतात. बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोग विभाग आहे, मानसोपचार संस्थाही तिथेच जवळ आहे. फोनवर बोलायचे असल्यास ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६.