विक्रमचं स्टिअरिंग कोणाच्या हाती होतं?

चांद्रयान-३ चं विक्रम हे यान चंद्रावर कसं उतरलं, ते आमच्या यवतमाळकडल्या गावात पारावर अजूनही ठासून सांगतात, "बेंगळुरूतून रिमोटनं उतरवलं ना बाप्पा विक्रम!" २३ ऑगस्ट २०२३ ला टीव्हीवर शास्त्रज्ञ कॉम्प्युटरसमोर बसलेले दिसत होते, त्यामुळं तसं वाटणं साहजिकच. पण त्या शेवटच्या मिनिटांत ते फक्त पाहत होते. चंद्रावरून सिग्नल यायला सव्वा सेकंदाच्या वर लागतो, उत्तर जायला तेवढाच. उतरायला लागताना विक्रमचा वेग सेकंदाला सुमारे १.७ किलोमीटर. म्हणजे इकडून 'थांब' म्हणेस्तोवर यान चार किलोमीटर पुढं! धुऱ्यावर उभं राहून फवारणीचा ड्रोन उडवावा, तसं हे नाही. उंची-वेग मोजणं, इंजिनाचा जोर कमीजास्त करणं, खड्डे टाळणं, सगळं यानानं स्वतः केलं.

याहून जुनी थाप १९६९ ची: चंद्रावर उतरताना अमेरिकेच्या अपोलो ११ चा कॉम्प्युटर बंद पडला, म्हणून अंतराळवीर नील आर्मस्ट्राँगनं हातानं यान उतरवलं. कॉम्प्युटर बंद पडलाच नव्हता. भार वाढल्याचे अलार्म वाजले, कमी गरजेची कामं सोडून तो चालू राहिला. आर्मस्ट्राँगनं सूत्रं घेतली ती समोर खड्डा अन् दगडधोंडे दिसले म्हणून. अन् तेव्हाही त्याच्या हाताचा इशारा इंजिनापर्यंत पोचवत होता तो कॉम्प्युटरच.