टेंटेटिव्ह लेआउट आणि फायनल लेआउट: 'मंजूर' म्हणजे नेमकं काय मंजूर?

प्लॉट बघायला गेलात की एजंट आधी नकाशा उलगडतो. आखलेले रस्ते, क्रमांक घातलेले प्लॉट, कोपऱ्यात कार्यालयाचा गोल शिक्का. "लेआउट मंजूर आहे," असं तो सांगतो आणि ते खोटंही नसतं. पण महाराष्ट्रात प्लॉट पाडायला मंजुरी दोन टप्प्यांत मिळते. त्या दोन टप्प्यांच्या मध्ये आयुष्यभराची पुंजी अडकलेली घरं मी पाहिली आहेत, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

टेंटेटिव्ह, म्हणजे तात्पुरता लेआउट, ही आखणीला मिळालेली संमती. शहरात महापालिका किंवा नगरपरिषद आणि बाहेर बहुतेक ठिकाणी नगररचना विभागाच्या शिफारशीवरून जिल्हाधिकारी ती देतात. (ग्रामपंचायतीचा ठराव किंवा नमुना 8, म्हणजे तिच्या कर आकारणीचा उतारा, ही लेआउटची मंजुरी नव्हे. ही गल्लत फार होते.) रस्त्यांची रुंदी नियमात बसते का, 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीत 10 टक्के मोकळी जागा सोडली आहे का, हे इथे कागदावर तपासलं जातं. मंजुरीच्या पत्रामागे अटींची यादी असते, ती सहसा कोणी वाचत नाही. त्या यादीतच लिहिलेलं असतं, की जागेवर आखणी करून भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी आणि मगच अंतिम मंजुरीला यावं.

ही मोजणी झाली की कागद आणि जमीन पहिल्यांदा समोरासमोर येतात. समजा, नकाशात 18 नंबरचा प्लॉट 12 बाय 15 मीटरचा आहे, म्हणजे 180 चौरस मीटर. मोजणीत शेजाऱ्याची हद्द 60 सेंटिमीटर आत निघाली. रुंदी उरली 11.4 मीटर, क्षेत्र 171. नऊ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ 97 चौरस फूट गेले. एक खोलीच गेली म्हणा. टेंटेटिव्ह नकाशा बघून इसार देणाऱ्याने हिशेब मात्र 180 चा केलेला असतो. कधी रस्ताच सरकतो आणि प्लॉटचे क्रमांकही बदलतात.

मोजणीशी जुळवून घेतलेल्या नकाशाला मिळते ती फायनल मंजुरी. मग भूमी अभिलेख कार्यालय क्षेत्रातल्या बदलांची नोंद असलेलं कमी-जास्त पत्रक करतं, ज्याला सगळे 'कजाप' म्हणतात, आणि त्यावरून प्रत्येक प्लॉटचा स्वतंत्र सातबारा निघतो. टेंटेटिव्हवर यातलं काहीच होत नाही. तोवर महसुली दप्तरात तुमचा प्लॉट वेगळा नसतोच, असतो तो मूळ मालकाचा अख्खा गट. बँकेत कर्जाला गेलं की हे पहिल्याच दिवशी कळतं, तेव्हा बहुधा इसार देऊन झालेला असतो.

म्हणून इसाराआधी अंतिम मंजुरीच्या पत्राचा क्रमांक आणि तारीख मागा. मोजणीचा नकाशा आणि कजाप मागा. आणि ज्या प्लॉटचे पैसे देताय, त्याच प्लॉटचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर स्वतः उघडून बघा. क्षेत्राच्या रकान्यात 171 असेल, तर व्यवहार 171 चाच करा.