घंटा, लाळ आणि चुकलेला अंदाज

अकरावी-बारावीला मानसशास्त्र घेतलेल्या कुणालाही विचारा, पाव्हलॉव्ह एका दमात सांगून होतो: घंटा वाजवली, खाणं दिलं, असं पुष्कळदा केलं, मग नुसत्या घंटेनंही कुत्र्याला लाळ सुटली. म्हणजे दोन गोष्टी वारंवार एकत्र आल्या की मेंदू त्यांची गाठ मारतो. पाठांतरावर आपली एवढी श्रद्धा, की हे लगेच पटतं. पण ते अर्धवट आहे.

इव्हान पाव्हलॉव्ह मुळात शरीरक्रियाशास्त्रज्ञ. १९०४चं नोबेल त्यांना मिळालं ते पचनसंस्थेवरच्या कामासाठी. कुत्र्यांसाठी त्यांनी मेट्रोनोमसारखे (ठरावीक लयीत टकटक करणारं यंत्र) बरेच इशारे वापरले. घंटा उगाच जास्त प्रसिद्ध झाली.

खरी गंमत १९६०च्या दशकात लिऑन कामिन यांनी केली. खटका दाबून खाणं मिळवणारा उंदीर घाबरला की खटका दाबायचा थांबतो, त्यावरून भीती मोजता येते. कामिननी आधी आवाज आणि पाठोपाठ विजेचा झटका, असं उंदरांना शिकवलं. मग आवाजाबरोबर दिवाही लावला, झटका तोच. शेवटी नुसता दिवा लावला, तर उंदीर जवळजवळ भ्यालेच नाहीत! ज्यांना सुरुवातीपासून आवाज आणि दिवा एकत्रच मिळाले होते, ते उंदीर मात्र दिव्यालाही भ्याले. दिवा आणि झटक्याची जोडी दोन्ही गटांनी तितक्याच वेळा पाहिली होती. मग फरक का पडला?

कारण पहिल्या गटाला दिव्यानं नवं काही सांगितलंच नाही. झटका येणार हे आवाजानं आधीच कळवलं होतं.

रॉबर्ट रेस्कोर्ला आणि ॲलन वॅग्नर यांनी १९७२ मध्ये हे एका छोट्या सूत्रात बसवलं: जे घडलं त्यातून जे अपेक्षित होतं ते वजा करा, उरते ती चूक, आणि त्या चुकीचा ठरावीक हिस्सा दर वेळी शिकला जातो. समजा कमाल भीती १०० आणि हा हिस्सा निम्मा. पहिल्या वेळी अंदाज ०, चूक १००, म्हणून शिकणं ५०. दुसऱ्या वेळी चूक ५०, म्हणून आणखी २५. मग साडेबारा. खाच अशी की हजर असलेल्या सगळ्या इशाऱ्यांचे अंदाज एकत्र मिळवायचे. आवाजानंच शंभरी गाठली असेल तर चूक शून्य, आणि शून्याचा निम्मा हिस्सा दिव्याच्या वाट्याला!

पुढे वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूत जवळपास हीच वजाबाकी पाहिली. अवचित फळांचा रस मिळाला की डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या मेंदूतल्या पेशी जोरात चेततात. इशारा ओळखीचा झाला की त्या इशाऱ्यालाच चेततात, रसाला नाही. आणि इशारा होऊनही रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी त्यांची नेहमीची टकटकही मंदावते. म्हणजे या पेशी चुकलेला अंदाज कळवतात, नुसता आनंद नाही. त्यामुळे डोपामिनला 'आनंदाचं रसायन' म्हणत 'डोपामिन डिटॉक्स' विकणाऱ्या रील्सकडे खुशाल दुर्लक्ष करावं. मोबाइल जरूर बाजूला ठेवा, पण त्यानं डोपामिन 'धुऊन' निघत नाही.

सूत्रही परिपूर्ण नाही बरं का. नुसता इशारा देत राहिलं आणि खाणं दिलंच नाही, तर लाळ बंद होते. सूत्राच्या हिशेबानं शिकलेलं पुसलं गेलं. पण काही वेळ जाऊ दिला की त्याच इशाऱ्याला पुन्हा थोडी लाळ सुटते. हे खुद्द पाव्हलॉव्हनीच नोंदवून ठेवलं होतं, आणि १९७२चं सूत्र नेमकं तिथेच अडतं.