प्रस्थापित खासदाराविरुद्धची प्रायमरी : सह्यांच्या कागदापासून काळ्या यादीपर्यंत

अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या पक्षांतर्गत निवडणुकीत) तगड्या खासदारासमोर उभ्या राहणाऱ्या नवख्यांचा विषय निघाला की गाडी थेट 26 जून 2018 वर येते. न्यूयॉर्कच्या चौदाव्या मतदारसंघात, ब्राँक्स आणि क्वीन्सच्या काही भागांत, दहा वेळा निवडून आलेले आणि सभागृहातल्या डेमोक्रॅटिक नेतृत्वात चौथ्या क्रमांकावर असलेले खासदार त्या दिवशी 28 वर्षांच्या एका मुलीकडून हरले. काही महिन्यांपूर्वीपर्यंत ती बारमध्ये काम करत होती. खासदारांचा खर्च 30 लाख डॉलरांच्या वर, तिचा दोन लाखांच्या आसपास. प्रचारातल्या एका वादसभेला तर खासदारांनी स्वतः न येता प्रतिनिधी धाडला होता. चौदा वर्षे प्रायमरीत कुणी समोरच आले नव्हते, तेव्हा सवय मोडलेली असणार.

असे आधीही घडले होते. 1972 मध्ये याच शहरात, ब्रुकलिनमध्ये, 1923 पासून खासदार असलेल्या ज्येष्ठ समिती अध्यक्षांना जेमतेम तिशीतल्या वकील महिलेने काहीशे मतांनी पाडले. 2014 मध्ये व्हर्जिनियात रिपब्लिकनांचा सभागृह नेता एका अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाकडून हरला.

न्यूयॉर्कात मात्र मतदानाच्या कितीतरी आधी खरी कसोटी लागते ती सह्यांच्या कागदावर. काँग्रेसच्या प्रायमरीत नाव यायला मतदारसंघातल्या, त्याच पक्षात नोंद असलेल्या 1,250 मतदारांच्या सह्या लागतात. आकडा छोटा वाटतो. पण सही, पत्ता, तारीख यांत कुठे चूक निघाली, किंवा त्याच माणसाने आधी दुसऱ्या उमेदवाराच्या कागदावर सही केली असली, तर ती ओळ बाद. पानाखाली साक्षीदार म्हणून सही करणाराही बहुतेक वेळा त्याच पक्षाचा नोंदणीकृत मतदार असावा लागतो. स्थानिक पक्ष संघटनांचे वकील अशा ओळी खोडण्यात तरबेज. त्यामुळे मार्चच्या थंडीत मतदारयादी हातात घेऊन इमारतींच्या बेल वाजवणारे स्वयंसेवक तिप्पट-चौपट सह्या गोळा करतात. 2018 मध्ये चौदाव्या मतदारसंघातल्या त्या मुलीसाठी पाच हजारांहून अधिक जमल्या. ही मोहीम तिथेच पक्की झाली, असे मला वाटते. गाजलेला प्रचार व्हिडिओ त्यानंतरचा.

शिवाय प्रायमरी बंद, फक्त पक्षात नोंद असलेल्यांसाठी. आधीपासून मतदार असलेल्याला पक्ष बदलायचा, तर मुदत आदल्या ऑक्टोबरातच संपलेली. म्हणजे उमेदवाराचे नाव कानावर पडण्याआधीच दार लागलेले. 2018 च्या त्या प्रायमरीत एकूण मते पडली ती 30 हजारांच्या आत. इतक्या थोड्या मतांत दारोदार फिरणाऱ्यांचे वजन वाढते, हेही खरे. 2019 मध्ये राज्याने ही मुदत फेब्रुवारीपर्यंत पुढे आणली.

आपल्याकडे एबी फॉर्म कुणाच्या हाती पडला यावर सगळे ठरते. तिथे पक्षश्रेष्ठींच्या हाती असा कागदच नाही. म्हणूनच मार्च 2019 मधला निर्णय वादाचा ठरला. डेमोक्रॅटिक पक्षाच्या सभागृह प्रचार समितीने जाहीर केले की विद्यमान खासदाराविरुद्ध काम करणाऱ्या सल्लागाराला, सर्वेक्षणवाल्याला किंवा छपाई-टपालवाल्याला समिती काम देणार नाही आणि आपल्या उमेदवारांकडे त्याची शिफारसही करणार नाही. समितीचे म्हणणे, आमच्या तिजोरीत खासदारांची वर्गणी असते, त्यांना राखणे हेच आमचे काम. 2018 मध्ये बहुमत मिळाले आहे, ते टिकवायचे आहे. युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. पण आव्हान द्यायला लोक उतरतात ते प्रामुख्याने सुरक्षित मतदारसंघांत. तिथे नोव्हेंबरात कुठला पक्ष जिंकणार हे ठरलेलेच असते, खरी निवडणूक प्रायमरीचीच. बहुमताला धोका नसलेल्या जागीच हा नियम सर्वांत जास्त बोचला.

आव्हानवीरांच्या समर्थकांनी त्याला नाव दिले ‘काळी यादी’. चौदाव्या मतदारसंघाच्या नव्या खासदाराने लहान देणगीदारांना समितीचे पैसे थांबवून थेट उमेदवारांना द्या, असे सांगितले. आव्हानवीरांसाठी काम करायला तयार असलेल्यांची उघड यादीही कार्यकर्त्यांनी लावून टाकली. शिकागोच्या नैऋत्य भागात 2018 मध्ये थोडक्यात हरलेल्या उमेदवाराचे काही सल्लागार नियमानंतर सोडून गेले. मार्च 2020 मध्ये ती तरीही जिंकली. त्याच वर्षी जूनमध्ये ब्राँक्सच्या उत्तरेला एका शाळेच्या मुख्याध्यापकाने सोळा वेळा निवडून आलेल्या खासदाराला हरवले. ऑगस्टमध्ये सेंट लुइसमध्ये वडील आणि मुलगा मिळून पन्नासहून अधिक वर्षे राखलेली जागा एका नर्सने घेतली. 2018 मध्ये ती तिथेच हरली होती. मार्च 2021 मध्ये समितीच्या नव्या अध्यक्षांनी नियम मागे घेतला.

नियम गेला, नेतृत्वाचा कल गेला नाही. मे 2022 मध्ये टेक्सासच्या सीमेवरच्या मतदारसंघात नेतृत्वाचा पाठिंबा असलेले विद्यमान खासदार प्रायमरीच्या दुसऱ्या फेरीत 289 मतांनी वाचले. त्याच वर्षी डेट्रॉइटमध्ये बेळगावात वाढलेले मराठी उद्योजक नऊ जणांच्या प्रायमरीत सुमारे 28 टक्क्यांवर निवडून आले. ती वाट स्वयंसेवकांची नव्हे, स्वतःच्या खिशाची. 2024 मध्ये वारे उलटे फिरले. बाहेरच्या गटांनी लाखो डॉलर ओतल्यावर 25 जूनला ते मुख्याध्यापक हरले, 6 ऑगस्टला सेंट लुइसची ती नर्सही. या खेपेला आव्हान देणारे दोघेही पैशाने भक्कम होते आणि जागा राखायला दारोदार फिरणारे स्वयंसेवक विद्यमान खासदारांचे होते.