बँकेतली टार्गेटची आरडाओरड आली कुठून

जून 2023 मध्ये एचडीएफसी बँकेच्या कोलकात्यातल्या एका अधिकाऱ्याचा व्हिडिओ फिरला होता, आठवत असेल. ऑनलाइन मीटिंग चालू, समोर हाताखालची माणसं, आणि खाती किती उघडली, पॉलिसी किती विकल्या यावरून साहेबांचा पारा चढलेला. बँकेने त्याला सस्पेंड केलं, चार दिवसांत लोक विसरले. माझ्या ओळखीतल्या बँकवाल्यांना मात्र त्यातल्या भाषेचं काहीच वाटलं नाही, त्यांना नवल एवढंच की रेकॉर्ड कोणी आणि कसं केलं.

एका माणसावर खापर फोडून भागत नाही, हे प्रकरण जुनं आहे.

आधी सगळं उलटं होतं. बँक कर्मचाऱ्यांची मोठी संघटना एआयबीईए 1946 ची, कोलकात्यातच स्थापन झालेली. मग पगार आणि नोकरीच्या अटींवरचे लवादाचे निवाडे आले, 1953 चा शास्त्री अवॉर्ड, 1962 चा देसाई अवॉर्ड (क्लार्क मंडळींना अजून अवॉर्ड स्टाफ म्हणतात ते यावरूनच) आणि 1966 पासून पगार, रजा, कामाचे तास हे सगळं युनियन आणि इंडियन बँक्स असोसिएशन (बँकांच्या मॅनेजमेंटची संघटना) समोरासमोर बसून ठरवायला लागले. 19 जुलै 1969 ला 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यात आपली पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्रही आली. त्यानंतर पोरगा बँकेत चिकटला की घरच्यांनी स्थळं बघायला सुरुवात केलीच म्हणून समजा. गिऱ्हाइकाला टोकन घेऊन तासभर ताटकळावं लागायचं आणि काउंटरवरचे साहेब चहाला गेलेले असायचे हेही तितकंच खरं, उगाच त्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. कॉम्प्युटर आणायचा तरी 1983 मध्ये युनियनशी करार करावा लागला, कुठे किती मशिनं बसवायची यावर घासाघीस झाली.

खरा बदल 1993 चा. रिझर्व्ह बँकेने नव्या खासगी बँकांना दार उघडलं, किमान भांडवल 100 कोटी. त्यातून यूटीआय बँक (आताची ॲक्सिस), आयसीआयसीआय, एचडीएफसी उभ्या राहिल्या. त्यांनी जुन्या बँकांसारखी क्लार्कची फौज ठेवलीच नाही, कालचा ग्रॅज्युएटसुद्धा पहिल्या दिवसापासून ऑफिसर नाहीतर असिस्टंट मॅनेजर. ऐकायला भारी, पण औद्योगिक विवाद कायद्याचं संरक्षण होतं कामगाराला (क्लार्क त्यात मोडायचा), मॅनेजरला नाही, आणि वर सांगितलेल्या करारांतही या बँका नाहीत. म्हणजे कार्डावर हुद्दा आला पण पाठीशी युनियन नाही. तिकडे सरकारी बँकांत 2000-01 मध्ये व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती योजना आली आणि एक लाखाहून जास्त माणसं बाहेर पडली.

त्याच सुमारास विमा क्षेत्र खासगी कंपन्यांना खुलं झालं आणि बँकांना विमा विकायची परवानगी मिळाली. माझ्या मते सगळी गोम इथे आहे. कर्ज दिलं तर भांडवल अडकतं, बुडायची भीती असते, पॉलिसी विकली की सरळ कमिशन, आणि तेही पहिल्या वर्षीच्या हप्त्यावर सगळ्यात जास्त, त्यामुळे जुनं गिऱ्हाईक टिकवण्यापेक्षा दर महिन्याला नवी पॉलिसी हवी. मग सकाळी हडल म्हणजे उभ्या उभ्या छोटी मीटिंग, त्यात प्रत्येकाने आजची कमिटमेंट सांगायची, दुपारी व्हॉट्सॲप ग्रुपवर "लॉगिन किती झालं?" (म्हणजे पॉलिसीचे अर्ज किती भरले), संध्याकाळी रिव्ह्यू कॉल, आणि ज्याचा आकडा शून्य त्याची सगळ्यांसमोर सालटी. मार्च एंडिंगला तर बोलायलाच नको. मग एफडी रिन्यू करायला आलेले आजोबा दिसले की आरएम (रिलेशनशिप मॅनेजर) खुर्ची पुढे ओढतो, "काका, एफडीसारखंच आहे, फक्त जास्त मिळेल", सही होते, आणि जाता जाता सांगतो, विमा कंपनीचा फोन येईल, सगळ्याला हो म्हणा. दुसऱ्या वर्षी हप्त्याचा मेसेज आला की काका शाखेत येतात तेव्हा तो आरएम दुसऱ्या बँकेत गेलेला असतो.

गेलेला असतो ही नुसती माझी कुरकुर नाही बरं का. डिसेंबर 2024 च्या रिझर्व्ह बँकेच्या अहवालात खासगी आणि स्मॉल फायनान्स बँकांत वर्षाला साधारण 25 टक्के लोक नोकरी सोडतात असं नोंदवलंय, म्हणजे चारातला एक. आणि 2023-24 मध्ये खासगी बँकांतले कर्मचारी सरकारी बँकांपेक्षा जास्त झाले, म्हणजे आता अशी नोकरी हाच नियम.

मध्ये ऑक्टोबर 2011 ला बचत खात्याचे व्याजदर ठरवायची बँकांना मोकळीक मिळाली, तेव्हापासून खाती ओढायची चढाओढ वेगळीच. सरकारी बँकवाले सुटले असंही नाही, त्यांनाही जनधन, अटल पेन्शनची टार्गेटं, वर विमा, आणि काउंटरवर माणसं कमी.

मार्च 2024 मध्ये युनियन आणि इंडियन बँक्स असोसिएशनमधला बारावा द्विपक्षीय करार झाला, 17 टक्के वाढ मिळाली, पाच दिवसांचा आठवडा तत्त्वतः मान्य करून सरकारच्या मंजुरीवर सोडला. दुसरा आणि चौथा शनिवार सप्टेंबर 2015 पासून सुट्टीचा आहेच. यात नव्या खासगी बँकांचे आरएम कुठेच नाहीत, त्यांचा पगार अजूनही ॲप्रायझलच्या मीटिंगमध्ये ज्याचा त्याचा वेगळा ठरतो, आणि तिथेही पहिला प्रश्न आकड्यांचाच असतो.