आरबी६७ की आरझेड६७? जुना मामिया घेण्याआधी हे बघा

जुना मीडियम फॉरमॅट (३५ मिमीपेक्षा मोठ्या फिल्मचा कॅमेरा) घ्यायचा ठरवलं की मामियाच्या या दोन ठोकळ्यांमध्ये हमखास घोळ होतो. दिसायला अगदी भाऊभाऊ, दोघंही १२० नंबरच्या फिल्म रोलवर ६x७ सेंमीचे १० फोटो देतात, दोघांची बॅक (फिल्म बसते तो मागचा भाग) फिरते म्हणून उभा फोटो काढायला कॅमेरा आडवा करावा लागत नाही, फोकस बेलोजनेच (घडीचा भाता पुढे-मागे करून), आणि लेन्स-बॅक धरून वजन अडीच किलोच्या आसपास. मग कोणीतरी सांगतं की आरझेड म्हणजे नवीन आरबीच, थोडे पैसे जास्त टाक आणि तोच घे. मला हे अजिबात पटत नाही.

शटर दोघांचं लेन्समध्येच असतं, पण ते चालतं कशावर हे बघा. १९७० चा आरबी पूर्ण मेकॅनिकल, स्प्रिंगवर चालतो, सेल लागतच नाही. १९८२ ला आलेल्या आरझेडचं शटर इलेक्ट्रॉनिक आहे, ६ व्होल्टचा छोटा सेल लागतो आणि तो संपला की हातात राहतो फक्त इमर्जन्सीचा १/४०० सेकंदाचा स्पीड, आता संध्याकाळी धुक्यात घाटावर उभं राहून १/४०० चं काय करायचं सांगा. बदल्यात आरझेड ८ सेकंदांपर्यंत जातो (आरबी १ सेकंदावर थांबतो, पुढे टी वर, म्हणजे शटर उघडं ठेवून, वेळ स्वतः मोजायचा) आणि एकाच लिव्हरने शटरही चार्ज होतं, फिल्मही सरकते. आरबीत बॉडीचा लिव्हर वेगळा, बॅकचा वेगळा. पोर्ट्रेट काढताना हा फरक फार जाणवतो, समोरच्याचं हसू तुमच्या दुसऱ्या लिव्हरसाठी थांबत नाही. म्हणून स्टुडिओत माणसं काढणाऱ्याने खुशाल आरझेड घ्यावा, डोंगरात फिरणाऱ्याने आरबी.

आरबीमध्ये पण साधा प्रो (पहिलं मॉडेल) टाळा, त्यात फिल्म सरकवायला विसरलात की फोटोवर फोटो बसतो. १९७४ च्या प्रो-एसमध्ये अशा वेळी शटर दबतच नाही. माझं मत विचाराल तर पहिला कॅमेरा म्हणून प्रो-एस आणि सी लेन्स (मल्टिकोटेड, नावात C असलेल्या). पुढे आरझेड घेतलात तरी त्या लेन्स वाया जात नाहीत, आरझेडचा शटर डायल आरबीएल (आरबी लेन्सची खूण) वर ठेवायचा की चालतात. उलटं मात्र जमत नाही, आरझेडची लेन्स आरबीला बसत नाही.

बघायला जाताना आरझेडसाठी नवा सेल स्वतःच्या खिशात न्या. मी एकदा सेलशिवायच बघून आलो होतो, खटका वाजला म्हणून खूश, पण तो १/४०० चाच होता हे घरी आल्यावर कळलं. सगळे स्पीड एकेक करून वाजवून बघा, सर्किट गेलं तर दुरुस्ती अवघड, सुटे भाग दुसऱ्या बंद बॉडीतूनच काढावे लागतात. आरबीत १ सेकंद कानाने ऐका, अडखळत असेल तर लेन्स सर्व्हिसिंगला आली. बॅकचा फोम चिकट झाला असेल तर घाबरू नका, तो घरी बदलता येतो.

बेलोजमध्ये अंधारात टॉर्च टाकून भोकं शोधा. लेन्समध्ये बुरशी आहे का तेही बघा, मुंबई-कोकणच्या दमट हवेत राहिलेल्या लेन्समध्ये ती सर्रास असते. त्यासाठी लेन्स उतरवायला लागेल तेव्हा आधी लिव्हर दाबून बॉडी कॉक (फोटोसाठी तयार) करा, न करता जोर लावलात तर लेन्स जागीच अडकते.